येऊरचे पाय आल्प्सच्या धारेवर

प्रश्न: दर रविवारी येऊर चढते. वय 58. जुलैत लेकीकडे स्वित्झर्लंडला जातेय. शिनिगे प्लाटे ते फर्स्ट ही डोंगरधार एका दिवसात जमेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: जमेल, ताई. सुमारे 16 किलोमीटर, चालीचे सहा तास. पण वाटेतलं फाउलहॉर्न 2681 मीटर, आपलं कळसूबाई 1646! दम लवकर लागेल. मी गेलो तेव्हा जुलैतही सावलीत बर्फ होता आणि माझ्या बुटांचे तळवे झिजलेले. एक उतार चक्क बसून उतरलो. दुपारनंतर विजांचा भरवसा नसतो, म्हणून शिनिगे प्लाटेला चढणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीची पहिली फेरी धरा. फर्स्टहून खाली नेणाऱ्या रोपवेच्या शेवटच्या पाळण्याची वेळ आदल्या दिवशीच बघा. दशम्या-चटणी न्याच. फाउलहॉर्नवर खायला मिळतं, पण दर बघून भूक मरते.