इन्फ्रारेडसाठी बदललेला वापरलेला कॅनन ७००डी घेऊ का? घेण्याआधी काय तपासू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले एक गृहस्थ ७२० नॅनोमीटरचा फिल्टर (मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशच आत सोडणारी काच) बसवलेला ७००डी विकत आहेत, तुमच्याकडे १८-५५ आणि ५० एमएम एफ/१.८ (दुसरी आवृत्ती) या लेन्स आहेत, आणि कॅमेरा नागपूरला कुरिअरने मागवायचा आहे. घ्यायला हरकत नाही. फक्त चार रॉ फाइल्स (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न झालेली मूळ माहिती) हातात येईपर्यंत पैसे पाठवू नका. जेपीईजी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंवरून काहीच ठरवता येत नाही.

रॉ फाइल्सचा आग्रह एवढ्यासाठी, की इथे तुम्ही खरं तर कॅमेऱ्यापेक्षा त्यावर झालेलं काम विकत घेताय. सेन्सरसमोरची इन्फ्रारेड अडवणारी मूळ काच काढून तिथे ७२० च्या खालचा प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते. शटर खराब झालं तर बदलून मिळतं. पण ही काच आणि सेन्सर यांच्यामध्ये धूळ अडकली असेल किंवा सेन्सर तिरका बसला असेल, तर सगळा कॅमेरा पुन्हा उघडावा लागतो. ते घरी करू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात, बॅटरी काढल्यावरसुद्धा.

पहिली फाइल निरभ्र आकाशाची, एफ/२२ वर (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, अगदी लहान करून), फोकस मुद्दाम बिघडवून. काळे ठिपके दिसले तर ब्लोअर मारून पुन्हा तोच फोटो काढायला सांगा. जागा बदललेले किंवा गेलेले ठिपके वरच्या धुळीचे. तिथेच राहिलेले बहुधा काचेखालचे, आणि ते सेन्सर पुसायच्या कुठल्याही स्वॅबने निघत नाहीत. बारीक सरळ रेघ दिसली तर तो ओरखडा समजा आणि व्यवहार सोडा.

दुसरी फाइल भिंतीवर सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्राची, अगदी समोरून, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर पाहून) फोकस करून, एफ/५.६ वर. चारही कोपरे १०० टक्क्यांवर पाहा. एकच बाजू मऊ, म्हणजे धूसर, असेल तर सेन्सर तिरका असू शकतो. खात्रीसाठी कॅमेरा उलटा धरून पुन्हा फोटो घ्यायला सांगा. दोन्ही फाइल्समध्ये फ्रेमची तीच बाजू मऊ राहिली तर दोष कॅमेऱ्याचा किंवा लेन्सचा, आणि लेन्स बदलूनही तसंच राहिलं तर सेन्सरचाच. मऊपणा दुसऱ्या बाजूला गेला तर कॅमेरा कागदासमोर सरळ धरलेला नव्हता.

तिसरी, लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांची, आयएसओ १६०० वर. तुरळक चमकते पिक्सेल चालतात. कडेला लालसर उजेड पसरलेला दिसला तर आत कुठून तरी प्रकाश शिरतोय. व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) झाकून पुन्हा पाहायला सांगा, कारण बऱ्याचदा उजेड तिथूनच येतो.

चौथी, भर उन्हातल्या झाडांची आणि आकाशाची. टीव्हीच्या रिमोटचा दिवा स्क्रीनवर चमकवून दाखवणं हा पुरावा नव्हे, न बदललेल्या कॅमेऱ्यातही तो दिसू शकतो. इन्फ्रारेडमध्ये पानं पांढरी आणि आकाश गडद येतं, तसं खरोखर आलंय का ते पाहा. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता मानायचा ते) पानांवरून घेतल्यावर आकाश पिवळट-तपकिरी आणि पानं किंचित निळसर येत असतील तर ७२० वर विश्वास ठेवायला हरकत नाही. रंगांत काहीच फरक उरला नाही तर फिल्टर ८३० किंवा ८५० चा असणार. तो कृष्णधवल फोटोंसाठी उत्तम, पण रंगांची अदलाबदल करून मिळणारं निळं आकाश तुम्हाला त्यातून मिळणार नाही.

आता तुमच्या लेन्स. ५० एमएमची ती आवृत्ती इन्फ्रारेडमध्ये बदनाम आहे: अ‍ॅपर्चर लहान केलं की फ्रेमच्या मधोमध फिकट गोल डाग येतो. हा हॉटस्पॉट कोटिंग आणि नळीच्या आतल्या परावर्तनामुळे येतो, कॅमेऱ्याचा त्यात दोष नसतो. १८-५५ सहसा बरी चालते, तरी एफ/८ आणि एफ/१६ दोन्हींवर तपासा. नेहमीचं काम एफ/५.६ ते एफ/८ मध्येच ठेवा. तरंगलांबी जास्त असल्याने विवर्तनाचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा) मऊपणाही लवकर येतो.

डीएसएलआरची खरी अडचण फोकसची. व्ह्यूफाइंडरमधून होणारा फोकस वेगळ्या सेन्सरवर, दृश्य प्रकाशाच्या हिशेबाने होतो, तर इन्फ्रारेडचा फोकस थोडा सरकलेला असतो. काम करणाऱ्याने एखाद्या लेन्सवर तो जुळवून दिला असेल तर ती लेन्स कोणती, हे विचारा. तरीही लाइव्ह व्ह्यूच वापरा. व्ह्यूफाइंडरमधून काम करताना मीटरही दृश्य प्रकाशच मोजतो, म्हणून आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरव्या, निळ्याच्या उजेडाचा आलेख) लावून लाल चॅनेल उजव्या कडेला आपटू देऊ नका. निवड पूर्ण मोकळी असती तर मी जुना मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा सुचवला असता. तिथे फोकस आणि मीटर दोन्ही सेन्सरवरच होतात.

कॅमेरा आल्यावर त्याच दिवशी फ्लॅश, हॉट शू (वरची बाहेरचा फ्लॅश लावायची खाच), फिरता टचस्क्रीन, कार्ड आणि सगळी बटणं चालवून पाहा. उघडलेल्या कॅमेऱ्यात आतली चपटी रिबन केबल नीट न बसल्याने यातलंच काहीतरी बंद पडतं. सेन्सर क्लीनिंगचा पर्याय मेनूत दिसेल, पण थरथरणारी काच बऱ्याचदा फिल्टरबरोबरच गेलेली असते. शटर १ लाख क्लिकसाठी आहे. आकडा फाइलमध्ये लिहिलेला नसतो, केबलने संगणकाला जोडून वाचावा लागतो.

फोटो सगळे लाल आले तर घाबरू नका. उन्हातल्या गवताने फ्रेम भरून एक फोटो घ्या, मेनूतून तोच कस्टम व्हाइट बॅलन्ससाठी निवडा. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रंगाचं तापमान २००० केल्विनखाली जात नाही, त्यामुळे तिथे लालपणा राहतो. अ‍ॅडोबीच्या डीएनजी प्रोफाइल एडिटरने वेगळं प्रोफाइल बनवा, किंवा कॅननचं रॉ फाइल्सचं सॉफ्टवेअर डीपीपी वापरा. निळ्या आकाशासाठी फोटोशॉपच्या चॅनेल मिक्सरमध्ये लालच्या आउटपुटला लाल ० आणि निळा १००, निळ्याच्या आउटपुटला लाल १०० आणि निळा ०.

भावाबद्दल: बदललेल्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक कमी, रोजच्या फोटोंना तो निरुपयोगी. तेव्हा साध्या वापरलेल्या ७००डीच्या भावावर थोडंच जास्त द्या, नवा फिल्टर बसवण्याचा पूर्ण खर्च नको.

आणि मे महिन्यात घेतला तर पहिल्या फोटोंवरून त्याला नावं ठेवू नका. ४५ अंशांत सेन्सर तापून नॉइज वाढतो, आणि रामटेकच्या बाजूचे साग तेव्हा उघडे असतात. पांढरी दिसायला पानंच नसतात. खरी परीक्षा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. तोवर अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सच्या हिरव्या झाडांवर, दुपारच्या कडक उन्हात हात बसवा. इन्फ्रारेडला ते ऊन चांगलं मानवतं.