वाढदिवसाच्या पार्टीत बर्थडे बॉयने नेमकं करायचं काय असतं?

तुम्ही विचारलंय की वाढदिवसाच्या पार्टीतली सगळ्यात विचित्र प्रथा कोणती, आणि मोठ्या माणसाला यातून सुटका आहे का.

माझं मत गाण्याला. फुगे, टोप्या, केक एकवेळ चालतील, पण लोक आपल्याभोवती उभे राहून गातात ती वीसेक सेकंदं काही केल्या सरत नाहीत. दिवे बंद होतात, कुणीतरी पेटत्या मेणबत्त्यांचा केक तोल सांभाळत आणतं आणि सगळे तुमच्याकडे बघून सुरू होतात. यात तुम्ही काय करायचं? सोबत गायलात तर स्वतःच स्वतःला शुभेच्छा. टाळ्या वाजवल्यात तर त्याहून चमत्कारिक. बघायचं तर कुणाकडे? शेवटी माणूस मेणबत्त्यांवर नजर लावतो आणि चेहऱ्यावर एक हसू धरून ठेवतो. तिसऱ्या ओळीपर्यंत गाल दुखायला लागतात.

खरी गंमत त्या तिसऱ्या ओळीतच आहे. चाल एकदम सप्तकभर वर उडी मारते, आणि सुरुवात कुणी उत्साहाने वरच्या पट्टीत केली असेल तर निम्मे लोक तिथेच गळतात. त्याच ओळीत नाव येतं. घरचे लाडाचं नाव घेतात, ऑफिसचे कागदावरचं, आणि कुणाबरोबर तरी आलेला एक पाहुणा, ज्याला तुमचं नावच माहीत नाही, तो नुसते ओठ हलवतो. उत्सवमूर्ती तेवढी गप्प.

मुळात ही चाल वाढदिवसाची नाहीच. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींचं बालवाडीतल्या मुलांसाठीचं सकाळचं गाणं १८९३ मध्ये छापलं गेलं, त्याची ही चाल. पुढे तिला वाढदिवसाचे शब्द चिकटले आणि त्यावर एका कंपनीने कॉपीराइटचा हक्क सांगितला. सिनेमात गाणं वापरायचं तर पैसे मोजा! काही रेस्टॉरंटांनी म्हणे याच कटकटीमुळे आपापली वेगळी गाणी बसवली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने तो दावा फेटाळला आणि पुढच्या वर्षी १ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. एवढं सगळं, चारपैकी तीन ओळी सारख्याच असलेल्या गाण्यासाठी.

दुसरा नंबर मेणबत्त्यांचा. १७४६ मध्ये जर्मनीत काउंट झिन्झेनडॉर्फ नावाच्या उमरावाच्या वाढदिवसाला भट्टीत मावेल तेवढा मोठा केक केला होता. त्याला वयाच्या आकड्याइतकी भोकं पाडून प्रत्येकात एक मेणबत्ती खोचली होती, शिवाय मधोमध आणखी एक. निदान हिशेब तरी चोख! आता चाळिशी उलटली की एकच मेणबत्ती लावायची आणि वयाचं नाव काढायचं नाही. वर ती फुंकायची, म्हणजे सगळ्यांनी खायच्या पदार्थावर. क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे मोजलं. आधी लोकांना पिझ्झा खायला दिला आणि मग आयसिंगवरच्या मेणबत्त्या फुंकायला लावल्या. न फुंकलेल्या आयसिंगपेक्षा जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी जास्त निघाले. घाबरू नका, निरोगी माणसाच्या फुंकरीने सहसा काही होत नाही. पण एरवी कुणी आपल्या ताटावर फुंकर मारली असती तर आपण ताट सरकवलंच असतं ना? इथे मात्र फोटो हलला म्हणून मेणबत्ती परत पेटवून परत फुंकायला लावतात.

सरप्राइज पार्टीबद्दल एवढंच, की आपल्याच घरात अंधारात दहा-बारा माणसं दबा धरून बसली आहेत याचा आनंद व्हावा अशी अपेक्षा असते. आणि आधीच कळलेलं असलं तरी दचकावं लागतं.

आता सुटका. रीतसर सुटलेला एकच माणूस मला माहीत आहे, लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. त्याच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची ॲनी आइड नावाची मुलगी नाताळच्या दिवशी जन्मलेली, त्यामुळे तिचा वेगळा वाढदिवस व्हायचाच नाही. १८९१ मध्ये सामोआत असताना याने कायदेशीर भाषेत दस्तऐवज करून आपला १३ नोव्हेंबर तिच्या नावे करून टाकला. कारण काय दिलं, तर आता या वयात आपल्याला वाढदिवसाचा काही उपयोग उरलेला नाही. वर अटही घातली, की मुलीने तो नीट साजरा केला नाही तर सगळे हक्क अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे जातील.