आहार-व्यायाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 26, वजन 60 किलो, शाकाहारी. काही महिन्यांपासून जिमला जातो आणि भरपूर खातो. वजन वाढले, पण ते पोटावरच दिसते. काय चुकते आहे? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : शरीर स्नायू सावकाश बांधते, त्यामुळे गरजेपेक्षा रोज 200 ते 300 कॅलरी अधिक मिळाल्या तरी पुरते, त्यावरच्या बहुतांश कॅलरी चरबी होऊन साठतात. महिन्याला किलोभरापेक्षा जास्त वजन वाढत असेल, तर भात-पोळी थोडी कमी करावी.

प्रथिने मात्र कमी करू नयेत. वजनाच्या दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज 95 ग्रॅमच्या आसपास लागतील, आणि आपले शाकाहारी ताट नेमके इथेच तोकडे पडते. वाटीभर वरणातून ती जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. त्या मानाने 50 ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून सुमारे 25, तर 100 ग्रॅम पनीरमधून सुमारे 18 ग्रॅम मिळतात. जिमनंतरच्या मिसळीतली मटकी उत्तमच, पण तर्री, फरसाण आणि पाव मिळून सगळा हिशेब बिघडवतात (हे पुणेकरांना पटणे अवघड आहे!).

व्यायामात स्क्वॅट, बेंच प्रेस, रोइंग असे मोठ्या स्नायूंचे प्रकार ठेवून प्रत्येक स्नायूगटाला आठवड्यातून दोनदा काम द्यावे. ठरलेले वजन 12 वेळा सहज उचलता येऊ लागले, की ते थोडे वाढवावे आणि वहीत नोंदवावे. सात-आठ तास झोप हवीच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.