बॅटरीतलं मीठ थंडीत खाली बसतं का?

प्रश्न : जानेवारीत लेहला गेलो होतो. कॅमेऱ्याची बॅटरी ६० टक्के दाखवत होती आणि दहा मिनिटांत कॅमेरा बंद! हॉटेलवर रजईत गुंडाळून ठेवली तर परत चालू. गार पाण्यात साखर नीट विरघळत नाही, तसं आतलं काही खाली बसतं का? मग नागपूरच्या मे महिन्यात बॅटरी उलट जास्त चांगली चालायला हवी ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : साखरेची शंका भारी आहे, पण चोर दुसराच आहे. कॅमेऱ्याच्या लिथियम-आयन बॅटरीत पाणी नसतंच, कार्बोनेट जातीची दोन-तीन सॉल्व्हेंट, म्हणजे विरघळवणारी द्रवं, मिसळलेली असतात आणि त्यात लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट नावाचं मीठ, लिटरला साधारण दीडशे ग्रॅम. एवढं मीठ सहसा थंडीतही विरघळलेलंच राहतं. गडबड सॉल्व्हेंटची. त्यातलं इथिलीन कार्बोनेट मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे करण्यात पटाईत, पण ते एकटं असलं तर ३६ अंशांखाली चक्क गोठतं, आपलं खोबरेल तेल २४-२५ला गोठतं तसं, म्हणून त्यात पातळ सॉल्व्हेंट घालतात. लेहच्या थंडीत हे मिश्रण घट्ट होतं, फारच गारठा असेल तर इथिलीन कार्बोनेटचे खडे पण धरायला लागतात, शिवाय लिथियमच्या आयनला सॉल्व्हेंटचे रेणू चिकटलेले असतात ते झटकून इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या आतल्या टोकात, शिरायलाच त्याला वेळ लागतो, मग व्होल्टेज पडतं आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. चार्ज आतच असतो, म्हणून रजईत जीव आला.

बाय द वे, गरम केलं की जास्त विरघळतं हा नियम सगळ्यांना लागू नाही. लिथियम कार्बोनेट उलट्या डोक्याचं, लिटरभर पाण्यात ० अंशाला साधारण १५ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात फक्त ७. चिलीतल्या अटाकामाच्या खाऱ्या पाण्यातून लिथियम काढताना हेच वापरतात, पाणी तापवून धुण्याचा सोडा टाकायचा की पांढरी पूड खाली बसते.

आता नागपूर. तापल्यावर आयन पळतात, तेवढं तुमचं बरोबर, पण विरघळू नये ते पण विरघळायला लागतं. बॅटरीचं ऋण टोक ग्राफाइटचं असतं, त्यावर एक पातळ साय धरलेली असते, तीच त्याला वाचवते, आणि ५५-६० अंशांच्या आसपास त्या सायीतला काही भाग आतल्या द्रावणात उतरतो, मग नवीन साय धरण्यात लिथियम खर्च होतं. मँगनीजवाल्या कॅथोडमधून, म्हणजे धन टोकातून, मँगनीजही सुटतं. ते हेक्साफ्लोरोफॉस्फेटचं मीठसुद्धा तापून फुटतं, पाण्याचा अंश असला तर हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. हे नुकसान रजईने भरून येत नाही, त्यामुळे मला विचाराल तर लेहपेक्षा उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतला मोबाइल जास्त हाल सोसतो.

पुढच्या वेळी जास्तीची बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा आणि गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, शून्याखाली लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता वरच धातू होऊन साचतं.