मये ते पणजी रोजच्या सायकलला स्वस्तातले टायर: नक्षी नंतर, रुंदी आधी

तुम्ही विचारलंय की मयेहून चोडणची फेरीबोट धरून रायबंदरमार्गे पणजीला ऑफिसला सायकलने जायचंय, सायकल हायब्रिड आहे, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारी, ७०० बाय ३२ चे, म्हणजे ३२ मिमी रुंदीचे टायर झिजलेत, दोन्ही मिळून २००० च्या आत बसवायचंय, आणि दुकानदार म्हणतोय पावसासाठी बटणवाले, म्हणजे जाड रबरी गोटे वर आलेले टायर घ्या म्हणजे घसरणार नाही. बटणवाले घेऊ नका. पावसाचं नाव काढलं की बटणवाले टायर गळ्यात मारतात आणि मग माणूस महिनाभरात कंटाळून परत स्कूटर काढतो, ते बघून खरंच वाईट वाटतं.

गाडी भरधाव असली की टायर पाण्यावर तरंगतो म्हणून गाडीच्या टायरला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, त्यात हवेचा दाब जास्त आणि आपला वेग तो किती, पाणी आपोआप बाजूला जातं. म्हणजे ओल्या डांबरावर पकड मिळते ती रबर जितकं रस्त्याला टेकेल तितकी, आणि बटणवाल्यात तर नुसती बटणंच टेकतात, वर वळणावर ती वाकतात, पाय दुखतात ते वेगळंच. चिखलात बटणं कामाची हे खरं, पण आपली तांबडी माती भिजली की इतकी चिकट होते की थोड्या वेळात बटणांच्या मधल्या फटी भरून टायर गुळगुळीतच होतो. तुमच्या वाटेवर बराचसा डांबर आहे, मध्ये उखडलेली खडी, थोडे पेव्हर, म्हणजे सिमेंटच्या फरशा, आणि कडेची माती. त्याला मध्ये सपाट किंवा बारीक नक्षी आणि कडेला थोडे दाणे असलेला सेमी-स्लिक पुष्कळ झाला.

खरा फरक पडतो रुंदीने. ३२ वरून ४० ला गेलात तर कमी हवेत चालवता येतं, खड्ड्यात हादरा कमी, खडीवर चाक भरकटत नाही, आणि डांबराची कड तुटून खाली माती असते ना, तिथून परत वर चढताना अरुंद टायर कडेला घासत राहतो आणि माणूस आडवा होतो, रुंद टायर त्यामानाने सहज चढतो. पण आधी पट्टी घेऊन मोजा. टायर ८ मिमी रुंद झाला की प्रत्येक बाजूला ४ मिमी जागा खाणार, वर चिखलासाठी ५ तरी मोकळी हवी, म्हणजे आत्ताच्या टायरच्या दोन्ही अंगाला ९-१० मिमी पाहिजे, आणि वरच्या बाजूला, म्हणजे फोर्कच्या आणि मडगार्डच्या खाली, १३ च्या आसपास. सगळ्यात कमी जागा बहुतेक मागच्या चाकाला पेडलच्या जवळ असते, तिथे नक्की बघा. बसत नसेल तर ३५ किंवा ३८ घ्या, तेवढ्यानेही फरक कळतो.

दुकानात ७०० की २८ की २९ यावरून गोंधळ घालू नका, टायरच्या अंगावर ४०-६२२ असं काहीतरी छापलेलं असतं, ४० ही रुंदी आणि ६२२ हा रिमचा व्यास, दोन्ही मिमीत, त्यातला ६२२ जुळला पाहिजे. २९ इंची एमटीबीचाही, म्हणजे डोंगरी सायकलचाही, ६२२ च. जुन्या काळ्या सायकलीचा २८ बाय दीड मात्र ६३५, तो तुमच्या रिमवर ढिला पडणार.

ब्रँडचं म्हणाल तर रालसन, हार्टेक्स, केंडा यातलं तुमच्या मापाचं जे ताजं मिळेल ते. ताजं म्हणजे टायर हातात घेऊन बाजूची भिंत चिमटीत वाकवा, बारीक भेगा दिसल्या तर परत ठेवा, दुकानात वर्षानुवर्षं टांगून रबर वाळलेलं असतं. श्वाल्बे कंपनीचे, आत पंक्चर रोखणारी पट्टी असलेले टायर उत्तम असतात पण एकाच टायरमध्ये तुमचं बजेट संपेल, आणि तारेच्या कडेचा साधा टायर रोजच्या कामाला ठणठणीत चालतो. उरलेल्या पैशात नव्या मापाच्या ट्यूब आणि मीटरवाला पंप घ्या, हे मात्र टाळू नका.

कारण हवा. टायरवर छापलेला असतो तो कमाल आकडा, तितकी भरायचीच असं नाही. तुमचं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर ४० च्या टायरला मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआयपासून (पंपाच्या मीटरवरचा हवेच्या दाबाचा आकडा) सुरू करा, पावसात अजून ४-५ कमी चालेल, फार कमी केलीत तर मात्र खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हवा आठवड्याला बघायचीच.

पंक्चर झालं की नुसती ट्यूब चिकटवून घेऊ नका. कापसाचा बोळा टायरच्या आतून सगळीकडे फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काच किंवा ट्रकच्या टायरमधली केसाएवढी तार असते, ती नखाला लागतसुद्धा नाही आणि दुसऱ्या दिवशी परत तेच भोक पाडते.

मागचा टायर आधी झिजणार, वजन आणि पेडलचा जोर त्याच्यावरच. तो संपला की नवीन मागे घालू नका, पुढचा मागे न्या आणि नवीन पुढे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की थेट खाली.

आणि फेरीबोटीचा पत्रा, शेवाळलेले पेव्हर, सावलीतले चिऱ्याचे उतार, यांच्यावर कुठलाच टायर धरत नाही, महागडा असो की स्वस्त. तिथे हँडल सरळ, ब्रेक आधीच मारून घ्यायचा, आणि रायबंदरला उतरताना लोखंडी फळी ओली असेल तर सरळ खाली उतरून सायकल हातात धरून न्या. पत्रा आणि काँक्रीटच्या मधली फट तिरकं जाऊन नाही, काटकोनात सरळ ओलांडायची.

मोजमाप घेतलंत की रिमवर छापलेला आकडा पण इथे टाका, ६२२ बाय १७ असं काहीतरी असेल, त्यातला १७ म्हणजे रिमची आतली रुंदी, मग ४० बसेल की ३८ ते नक्की सांगतो.