बिगारी म्हणजे नक्की कोण? हा शब्द आला कुठून?

बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली माल कालवणारा, विटा-वाळू वाहणारा, पडेल ते काम करणारा मजूर म्हणजे बिगारी. आज त्याला रोजंदारी मिळते, पण मूळ अर्थ नेमका उलटा आहे. फारसीत ‘बेगार’ म्हणजे बिनमोबदल्याची, सक्तीची मजुरी. ती करणारा तो बिगारी. ‘वेठबिगार’मधला ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून आला, त्याचाही अर्थ तोच. म्हणजे एकाच जुलमाची दोन भाषांतली नावं जोडून हा शब्द झाला! ‘वेठीस धरणे’ही त्यातलंच. संविधानाच्या कलम 23 नुसार अशा बेगारीला बंदी आहे, 1976 साली वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदाही झाला. म्हणून ‘ए बिगारी’ अशी हाक मला खटकते. माणसाला नावानं बोलवावं.