गोठ्यातली येझदी आणि करवतीची घाई

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच विषयावर आहेत, घरात जुनी मोटारसायकल पडलीय आणि तिची कॅफे रेसर करायचीय, म्हणजे हँडल खाली, सीट एकट्याची आणि नको ते सगळं काढून टाकलेलं. जवळपास सगळ्यांनी इंटरनेटवरचा कुठला तरी चकाचक फोटो जोडलाय, स्वतःच्या गाडीचा फोटो मात्र तिघांनीच पाठवला. म्हणून उत्तर पण त्या तिघांनाच.

नमस्कार काका, आमच्या गोठ्यात आजोबांची १९८७ ची येझदी रोडकिंग चौदा वर्षं उभी आहे. वर कडब्याच्या पेंढ्या होत्या, सीटवर कोंबड्या बसायच्या. आता मला तिची कॅफे रेसर करायचीय. गावातला वेल्डर म्हणतो, मागची फ्रेम कापून लूप, म्हणजे वाकवलेला पाइप, मारून दोन दिवसात देतो. इंजिन फिरत नाही, किक दगडासारखी लागते. आई म्हणते सिंगल सीट केलीस तर मला बाजारला कोण नेणार. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, तासगाव

अरे, सुरुवात वेल्डरला चहा पाजून परत पाठवण्यापासून कर. हे मी गंमतीने म्हणत नाहीये. माझ्याकडे एक राजदूत होती, ऐन पंचविशीत मी पण असंच मागचं फ्रेम कापलं, लूप वेल्ड करून घेतला, काळा रंग मारला, आणि गाडी दिसायला अशी झाली की चौकात लोक थांबून बघायचे. सात-आठ महिन्यांनी एका रविवारी धूत होतो, तर मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टाजवळ केसाएवढी तांबूस रेघ दिसली. मला वाटलं रंगाला चरा गेलाय. नखाने खरवडली तर नख आत अडकलं, म्हणजे वेल्डच्या कडेने पाइप अर्ध्याहून जास्त फाटलेला होता आणि मी त्यावर आदल्याच दिवशी घाट उतरून आलो होतो. वेल्डरची चूक नव्हती, त्या पाइपावर किती भार येतो हे मीच कधी विचारलं नव्हतं.

आता तुझी रोडकिंग. मैसूरच्या आयडियल जावाची गाडी, टू-स्ट्रोक २५० सीसी, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. कारखाना १९९६ ला बंद पडला, त्यामुळे कापलेली फ्रेम परत मिळणार नाही. २०२२ पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या आल्यात पण त्या फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या, त्यांचा एक नट पण तुझ्या इंजिनाला लागायचा नाही.

इंजिन जाम आहे ना, मग किकवर उभा राहून उड्या मारू नकोस, दांडा वाकेल नाहीतर आतले दाते जातील. प्लग काढ, प्लगच्या भोकातून पिस्टनवर दोन चमचे इंजिन ऑइल सोड, भोक कापडाने बंद कर आणि दोन दिवस विसरून जा. मग गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरला टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलव, जोर लावायचा नाही, नुसतं डुलवायचं. सुटलं तरी खूश होऊन लगेच चालू करू नकोस, कारण टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची बेअरिंगं पेट्रोलमधल्या ऑइलवरच जगतात, आणि चौदा वर्षं तिथे ना पेट्रोल ना ऑइल, फक्त गोठ्याची दमट हवा. क्रँकची ऑइल सील पण कडक होऊन बसलेली असणार. डाव्या, म्हणजे क्लचकडच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि लोक म्हणतात बोअर गेला, म्हणजे सिलिंडर आतून झिजला. उजवीकडचं गेलं तर ते बाहेरची हवा ओढतं, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरा पडतो आणि भर रस्त्यात पिस्टन जाम होतो. म्हणून इंजिन खोलायचंच, आणि खोललंच आहे तर दोन्ही सील आणि क्रँकची बेअरिंगं बदलायचीच. बोअरला ओरखडे असतील तर लेथवाल्याकडे नेऊन ओव्हरसाइज पिस्टनप्रमाणे बोअर मारून घे, पण पिस्टन आधी हातात असू दे, पिस्टन मोजून मगच बोअर मारायचा असतो.

टाकीतलं जुनं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही, व्हार्निशसारखा वास येईल. ते काढ, टाकी उतरव, आत मूठभर नट टाकून पांढरं व्हिनेगर भर आणि अधूनमधून हलवत राहा. गंज सुटला की खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, लगेच वाळव, आणि वाळल्या वाळल्या थोडं ऑइल घातलेलं पेट्रोल आत फिरव, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत तांबडं होतं. नट मोजून टाक. मी एकदा वीस टाकले आणि एकोणीस निघाले, विसावा आजही त्या टाकीत कुठेतरी आहे, वळणावर वाजतो. हल्ली पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० असतं, ते जुन्या रबराला झेपत नाही आणि पाणी धरून ठेवतं, तेव्हा पेट्रोलचा पाइप आणि कॉकचं वॉशर नवीन घाल आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी-कार्बोरेटर रिकामं करून ठेव. मिश्रण पण जरा पातळ होतं त्याने, कार्बोरेटरमधला मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा लागू शकतो, प्लगचा रंग बघून ठरव. ऑइल लिटरला ४० मिली, नवीन बोअरला पहिल्या एक-दोन टाक्या थोडं जास्तच.

टायरची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी टायर बदल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा ०९११ असेल तर तो २०११ च्या नवव्या आठवड्यातला आहे. ब्रेक पुढे-मागे ड्रमच, लायनर ब्रेक-शूपासून सुटून आल्यात का बघ, आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पूस. वायरिंग तपासत बसू नकोस, उंदरांनी तपासलेलं असणार, नवीनच ओढ.

हे सगळं झाल्यावर कॅफे रेसर. आणि इथे थोडं मागे जावं लागेल, कारण फोटो बघून लोकांना वाटतं हा रंगरूपाचा प्रकार आहे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे नावाचं ट्रक ड्रायव्हरांचं हॉटेल होतं, १९३८ चं, आपल्या हायवेवरच्या ढाब्यासारखंच. पन्नास-साठच्या दशकात तिथे पोरं मोटारसायकली घेऊन जमायची, चहा प्यायची आणि रस्त्यावर शर्यती लावायची, ताशी १०० मैल म्हणजे १६० किलोमीटर गाठणं ही इज्जतीची गोष्ट. पैसे नव्हते म्हणून गाडीतलं जे नको ते काढून टाकायचं, वारा कमी लागावा म्हणून हँडल खाली घ्यायचं, तसं वाकून बसल्यावर पाय पुढे ठेवता येत नाहीत आणि वळणात फुटरेस्ट घासतात म्हणून ते मागे आणि वर घ्यायचे. ज्यांना जमलं त्यांनी नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवलं, त्याला ट्रायटन म्हणायचे. म्हणजे प्रत्येक बदलाला कारण होतं. तुला तासगाव ते सांगली जाताना मनगटावर सगळं वजन टाकून किती स्पीडब्रेकर ओलांडायचेत ते आधी मोज.

तरी हौस आहे, मला कळतं, मलाही होती. मग बोल्टाने बसेल आणि बोल्टाने निघेल एवढंच कर. क्लिप-ऑन हँडल, म्हणजे फोर्कच्या पाइपांनाच आवळून बसणारं, घ्यायचं असेल तर आधी फोर्कचा पाइप व्हर्नियरने मोज, वरची कव्हरं काढावी लागतील, आणि हँडल पूर्ण वळवून बघ, अंगठा टाकी आणि हँडलच्या मध्ये सापडतो का. केबली लांब पडतात, त्या लूप होऊन लोंबू देऊ नकोस, मापाच्या करून घे. स्वस्तातला उपाय म्हणजे आहे तेच हँडल उलटं करून लावायचं, इंग्लंडची पोरं पण हेच करायची आणि आवडलं नाही तर दहा मिनिटांत सरळ होतं.

रिअरसेट, म्हणजे मागे नेलेले फुटरेस्ट, मात्र येझदीला लावताना दहादा विचार कर. तुझ्या गाडीचा गिअर आणि किक एकच दांडा आहे, आत दाबून उभा केला की किक, पुढे आडवा केला की गिअर. पाय मागे नेलास तर दांड्यापर्यंत सळ्या जोडाव्या लागतात, मग त्या सळ्या किकच्या वाटेत येतात आणि मागचा फुटरेस्ट पण येतो. शिवाय गिअर दाबल्यावर क्लच आपोआप सुटायची जी सोय आहे ती सळ्यांच्या ढिलाईत गडबडते. लोक करतात, पण मग धक्का मारून चालू करत फिरतात. मी म्हणेन फुटरेस्ट आहे तिथेच राहू दे.

सीटचं म्हणशील तर फ्रेम न कापता पत्र्याचा नाहीतर फायबरचा बेस करून घे, जुन्या सीटच्याच भोकांत बसणारा, मागे कॅफे रेसरसारखा उंचवटा, म्हणजे कुबड, पण काढून ठेवता येण्यासारखं. बाकीचे दिवस कुबड, बाजारच्या दिवशी आजोबांची सीट. आरसीवर सीटिंग कपॅसिटी २ लिहिलेली असते, आईचा हक्क कागदावर पण आहे. निघालेला प्रत्येक भाग, मडगार्ड, चेनकव्हर, कव्हरं, तेल लावून पोत्यात भर आणि माळ्यावर ठेव. भंगारवाला आला तर आईला सांगून ठेव. आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले गावोगावी जमतात, तिथे जा, पार्ट कोणाकडे मिळतो हे दुकानापेक्षा तिथे लवकर कळतं.

काका, गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते गेल्या वर्षी वारले. १९९१ ची बुलेट, आरसीची मुदत कधीच संपलीय. मला ती माझ्या नावावर करून निळी करायचीय, आणि कोणीतरी सांगितलं की विंटेजमध्ये नोंद केली की काहीही बदल चालतात. खरं आहे का? – एक वाचक, नाशिक

ताई, जे सांगितलंय ते बरोब्बर उलटं आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी आणि ती पण मूळ रूपात, चॅसी-इंजिनात मोठा बदल केला की दार बंद. तुमची बुलेट त्या वयाला पोचायला २०४१ उजाडेल, आणि तेव्हा जी मूळ रूपात राहिली असेल तिलाच ती नोंद मिळेल.

आत्ता करायचं ते असं, वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद, बाकीच्या भावंडांची संमती आधीच घेऊन ठेवा, आरटीओच्या दारात भांडण नको. हा अर्ज खरं तर तीन महिन्यांत करायचा असतो, तुम्हाला उशीर झालाय म्हणून दंड लागेल. पहिल्या १५ वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्याला फॉर्म २५, गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणजे तपासणी होईपर्यंत गाडी मूळ दिसली पाहिजे. रंग बदलायला हरकत नाही, पण तो आरसीवर नोंदवून घ्या. बाकी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच परत ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं असेल तर परवानगी आधी घ्यायची. आणि हो, घासून रंग देताना चॅसी नंबरावर पुट्टी भरणारे महाभाग असतात, तिथे मास्किंग टेप तुम्ही स्वतः लावा, गॅरेजवर सोडू नका.

एक आपलं सांगतो, ऐकायचं तर ऐका. वडिलांची बुलेट आहे तर निळी करायच्या आधी टाकीची एक बाजू नुसती पॉलिश करून बघा. जुना रंग पुष्कळदा खाली जिवंत असतो.

दादा, माझी यामाहा आरएक्स १०० कॅफे रेसर करून झालीय, दिसते भारी. आवाज यावा म्हणून सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाकली तर आता आवाज खूप येतो पण गाडी खालून ओढतच नाही, चढावर रडते. कार्बोरेटर दोनदा साफ केला. – एक वाचक, म्हापसा

भाऊ, कार्बोरेटरला सोडा, त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. सिलिंडरमध्ये ताजं पेट्रोल-हवा आत येतं त्याच वेळी धुराचं दार पण उघडं असतं, त्यामुळे थोडं ताजं मिश्रण धुराबरोबर बाहेर पळतं. सायलेन्सरचा पोटाचा आकार आणि शेवटची निमुळती नळी असं जमवलेलं असतं की आवाजाची लाट आपटून मागे येते आणि पळालेलं मिश्रण दार बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलते. तुम्ही नळी काढलीत, लाटेची वेळ चुकली, मिश्रण म्हापशाच्या हवेत गेलं. आवाज वाढला म्हणून गाडी पळते असं कानाला वाटतं, चढाला नाही वाटत. अठ्ठ्याण्णव सीसीच्या गाडीत वाया घालवायला ताकद आहेच किती. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो पाहिले असतीलच, ते वेगळंच.

नळी फेकून दिली नसेल तर तीच परत बसवा. वर काळा थर असेल तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, ते भांडंच विरघळतं. फेकली असेल तर त्याच मॉडेलची शोधा, दुसऱ्या गाडीची कापून बसवली की लांबी चुकते आणि रडगाणं तेच राहतं. बसवल्यावर प्लग नवीन घालून पन्नासेक किलोमीटर चालवा, मग काढून बघा, चहाच्या रंगाचा आला तर जेटला हात लावू नका.